राज्य येईल तेव्हा घरी कोणी तरी हवं

बुधे, ये इकडे. अशी पायरीवर टेकू नकोस, आत ये, माझ्या मशीनजवळ बस. आधी तुला रागवायचंय. ते मुकाट्यानं ऐकून घे, मग दुसरं बोलू.

अंगात ताप होता तर निरोप का नाही धाडलास? पाड्यावर माणूस नव्हतं, हे मला ठाऊक आहे. दिवाळी झाली की तुमच्याकडची सगळी घरं कड्या लावून वसई-भिवंडीकडे वीटभट्टीवर, बांधकामावर जातात. मागं राहतात म्हाताऱ्या, शेळ्या आणि तू. पण त्या ठकीआजीला हाक मारता आली असती ना? ती पाय ओढत रस्त्यापर्यंत आली असती. मोखाड्याकडून जव्हारला येणाऱ्या गाडीत कोणी ना कोणी असतंच. नुसतं म्हणायचं, शिवणवाल्या मार्थामावशीला सांगा, बुधी आजारी आहे. जव्हारच्या बाजारात माझं दुकान माहीत नाही असं कोण आहे? मी आले असते. गुडघे दुखतात, पण आले असते. तुला आणून इथं मागच्या खोलीत निजवलं असतं.

तू आता म्हणशील, "मावशी, वरडू नको, झाला ता झाला." तुझं नेहमीचंच. दहा-बारा वर्षं मी ओरडले आणि दहा-बारा वर्षं तू हेच म्हणालीस. पण या खेपेला मी ओरडते आहे आणि तू ऐकतेस की नाही, तेच मला कळत नाही. आपल्या ख्रिस्ती लोकांत कोणी सांगतात की माणूस डोळे मिटतो तो थेट प्रभूजवळ उघडतो. कोणी सांगतात, नाही, सगळे मातीत निजलेले आहेत, शेवटच्या दिवशी कर्णा वाजेल तेव्हाच उठतील. दोघांच्याही हातात तेच शास्त्र. तू असतीस तर लगेच विचारलं असतंस, "मग खरा कंचा?" आणि मी म्हटलं असतं, बघून सांगते. बघते आहे गं. अजून बघते आहे.

तू माझ्याकडे पहिल्यांदा आलीस ते ब्लाउज शिवायला. वावर-वांगणीच्या भुकेनं गेलेल्या लेकरांच्या बातम्या पेपरात येऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. माप दिलंस आणि गाडीला वेळ होता म्हणून पायरीवर बसून राहिलीस. मी काम थांबवून वाचत होते. माझं वाचन कसं, ते तुला ठाऊक आहे. शाळेत मी दोनच वर्षं गेले, पुढचं सगळं पेपरच्या पुड्या आणि शास्त्र यांच्यावर शिकले, त्यामुळे आवाज केल्याशिवाय मला वाचता येत नाही. तर मी आपली मोठ्यानं वाचत होते. नव्या पृथ्वीवर काय असेल आणि काय नसेल, ते यशया संदेष्टा सांगतो, तो भाग. तिथं रडण्याचा आवाज ऐकू येणार नाही. थोडेच दिवस जगून जाणारं तान्हं तिथं असणार नाही.

"थांब," पायरीवरून तू म्हणालीस. "ता परत वाच."

मी परत वाचलं. तू तिसऱ्यांदा वाचायला लावलंस.

"कोणी लिवला हा?"

"यशया म्हणून एक संदेष्टा होता."

"आमच्याकडं आला होता तो?"

"नाही गं बाई. त्याला अडीच हजार वर्षं होऊन गेली. तो लांबचा, तिकडच्या देशातला."

"मग त्याला आमच्या पाड्यावरचा कसा कळला?"

  त्यानंतर मोठमोठ्या पाळकांची व्याख्यानं मी ऐकली, फळ्यावर रेघा ओढून समजावलेली भाकितं ऐकली. पण तुझ्या त्या प्रश्नाइतका सरळ प्रश्न कोणी केलेला ऐकला नाही.

मग तू सांगितलंस. त्या वाईट सालात तुला मुलगी झाली होती. आठ दिवसांची होऊन गेली. नाव ठेवायचं राहिलं. बस्स, एवढंच सांगितलंस आणि गाडी आली म्हणून उठलीस. ब्लाउज न्यायला मात्र दुसऱ्याच दिवशी हजर. मी म्हटलं, अगं, परवा सांगितला होता ना? तर म्हणालीस, "ब्लाउज राहू दे. पुढचा वाच."

तिथून तू आपल्या मंडळीत आलीस. लोकांना वाटतं, कोणी मोठा उपदेशक आला असेल, त्यानं तुला वळवलं असेल. कोणी नाही. माझी वाचण्याची वाईट सवय आणि तुझी उशिरा सुटणारी गाडी.

काय काय विचारायचीस तू! सिंह बैलासारखा पेंढा खाईल, असं वाचलं की तुला सिंहाशी काही देणंघेणं नसायचं. तू बिबट्यावर यायचीस, कारण तो तुझ्या दोन शेळ्या घेऊन गेला होता. "पेंढा खाईल तं खाऊ दे, पण आमच्या गुरांना पुरेल कां?" मग यायचं ते घरांचं. प्रभू येईल तेव्हा त्याच्या राज्यात लोक घरं बांधतील आणि बांधणारेच त्यांत राहतील. एकानं बांधावं आणि दुसऱ्यानं राहावं असं होणार नाही. हे ऐकून बाकीच्या बायांच्या डोळ्यांत पाणी आलं. ज्यांचे नवरे, मुलं वसईला दुसऱ्यांच्या इमारती उभ्या करतात, त्यांना ते लागणारच. आणि तू, लखमाची बायको? तू एकदम म्हणालीस, "म्हंजे लखमानं बांधली त्या सातव्या माळ्यावर आम्ही राहायचा? मना नको. शेळी कुठं बांधू?"

शेजारी हमीदचाचांचं कापडाचं दुकान. ते आपलं सगळं ऐकत असायचे. एकदा गज बाजूला ठेवून म्हणाले, "मार्थाबाई, ईसा, म्हणजे तुमचे येशू, परत येणार हे आमच्यातही मानतात. तेव्हा असं करा, आधी तुमच्या दारात आले तर मला हाक मारा. माझ्याकडे आले तर मी तुम्हाला हाक मारतो." तू लगेच विचारलंस, "आणि चाचा, पाड्यावर आला तं?" चाचा म्हणाले, "तर तू धावत ये, आम्हा दोघांना सांगायला." तू हसली नाहीस. तू ते मनावर घेतलंस. तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही, पण तू ते मनावर घेतलं होतंस.

आता जे बोलायला बसले आहे, ते बोलते. इतका वेळ इकडचं तिकडचं करते आहे, तुला कळलं असेलच.

आपले पाळकसाहेब महिन्यातून एकदा घाटाखालून येतात. एका रविवारी त्यांनी जीवनाच्या पुस्तकावर उपदेश केला. शेवटच्या दिवशी पुस्तकं उघडली जातील, ज्याचं नाव त्या पुस्तकात सापडेल तो आत जाईल. उपासना संपली, सगळ्या बाया चहाला गेल्या आणि तू मंडळीच्या वहीकडे बघत उभी. ती वही माझ्याकडे असते, कारण माझं अक्षर बरं आहे. कोणाचा बाप्तिस्मा झाला, कोणतं मूल प्रभूला अर्पण केलं, त्यांची नावं मी त्यात लिहिते.

"मावशी, माझ्या पोरीचा नाव घाल."

"नाव कुठं ठेवलं होतंस तू?"

"आता ठेवते."

मी पाळकसाहेबांना विचारलं. माणूस चांगला आहे, तुला माहीत आहे. पण ते म्हणाले, गेलेल्यांची नावं मागाहून घालायला लागलो तर उद्या लोक आजा-पणजांची घेऊन येतील, कोणाला हो म्हणायचं आणि कोणाला नाही? नियम तो नियम. मी तुला तसंच सांगितलं. वर आपलं शहाणपण जोडलं. म्हटलं, "बुधे, देवाला माझ्या वहीची गरज नाही. त्याची वही वेगळी."

"गरज नाय?"

"नाही."

"मग बाकीच्यांची कशाला लिवतेस?"

बाया चहाचे कप घेऊन आमच्याकडे बघायला लागल्या. मी वही मिटली. बुधे, आज सांगते, मी चिडून मिटली. उत्तर नव्हतं म्हणून मिटली.

पण तू काही भांडण धरून बसणारी नव्हेस. पुढच्या बाजाराला आलीस ती नवाच विचार घेऊन. तुमच्याकडे मूल ज्या वारी होतं त्या वाराचं नाव देतात. तू बुधवारची म्हणून बुधी, तुझी जाऊ सोमवारची म्हणून सोमी. मुलगी कोणत्या वारी झाली, ते तुला आठवत नव्हतं. पाऊस एवढा होता की आठवडाभर बाजारच भरला नव्हता आणि बाजार नाही तर तुम्हाला वार कळायचा कुठून? मी आपली मदत करायला गेले. म्हटलं, जुनं कॅलेंडर शोधू, अमावास्या कधी होती ते आठव, हिशेब लावू.

तू म्हणालीस, "वाराचा नावच नको."

"का गं?"

"तूच वाचलास ना, तिथं रात्र नसेल. सूर्य पण नको त्या लोकांना. मग बुधवार गेला आणि गुरुवार आला, ता कोणाला कळणार? माझा पण नाव तिथं चालायचा नाय."

 साठी उलटेपर्यंत शास्त्र वाचत आले, पण रात्र नसलेल्या गावात वार कसे मोजतील, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. पाळकसाहेबांना विचारलं तर ते हसले आणि म्हणाले, चांगला प्रश्न आहे. चांगला प्रश्न आहे, असं म्हटलं म्हणजे उत्तर येत नाही.

मग नव्व्याण्णव साल आलं. तेव्हा सगळीकडेच बोलणं होतं की हजार वर्षांचा काटा फिरतो आहे, आता काहीतरी होणार. जव्हारला कोणी एक बाहेरचा उपदेशक येऊन गेला. मंडप घातला, भोंगा लावला, युद्धं, भूकंप, दुष्काळ सगळं मोजून दाखवलं आणि म्हणाला, दाराशी आहे, दाराशी. तारीख सांगितली नाही, पण सांगितल्यासारखीच. त्या दिवसांत मीही तुला कर्ण्याचा भाग वाचून दाखवला होता. कर्णा वाजेल, मेलेले आधी उठतील. मला आपलं वाटलं, तुला आधार होईल.

दिवाळीनंतर लखमा माझ्याकडे आला. तुझा नवरा कधी दुकानाच्या आत आला नव्हता. उभ्यानंच म्हणाला, "मावशी, हिला सांग. मुकादम खोळंबलाय आणि ही यायला तयार नाय. तूच काय तरी वाचलास तिच्या पुढं."

मी तुला बोलावून घेतलं. तू इथंच, आता जिथं बसवलंय तिथंच बसली होतीस. मी म्हटलं, अगं, सगळी घरं जाणार, चार महिने तू एकटी तिथं काय करशील?

"राज्य आला आणि मी भट्टीवर असले तं?"

"तर काय? प्रभू तुला भट्टीवरून नेईल."

"मना नेईल. पण ती उठेल तवा घरी कोण असेल?"

मी म्हटलं, "बुधे, देव काय पत्ता विसरणार आहे?"

"देव नाय विसरणार," तू म्हणालीस. "ती विसरेल. आठ दिवसांची हाय ती. मोहाच्या झाडाखालून उठेल, घराला कडी बघेल, मग कुठं जाईल?"

हमीदचाचांनी पलीकडे कापड फाडायचं थांबवलं. लखमा भिंतीकडे बघायला लागला.  लखमा एकटा गेला. दुसरा कोणी असता तर त्यानं तुला ओढून नेलं असतं, तो नुसता एवढंच म्हणाला, "लाकडं तोडून ठेवलीत, सांभाळून जाळ." त्याचं भलं होवो.

दोन महिने मी धास्तीत. नवं साल लागलं आणि तू बाजाराला आलीस, डोक्यावर लाकडाची मोळी. दारातूनच सांगितलंस, "मावशी, नाय आला."

मला वाटलं, रडशील. मी पाणी आणायला उठले तर म्हणालीस, "पण घर झाडून ठेवलाय. फुकट नाय गेला. घूस शिरली होती, ती गेली." आणि मग, "तुझा तो भोंगेवाला खोटा की तुझा शास्त्र खोटा?"

"भोंगेवाला," मी म्हटलं. "शास्त्रातच लिहिलंय की तो दिवस आणि ती घटका कोणाला ठाऊक नाही."

"मग हा आधी वाचायचा होता ना!"

खरं आहे गं. तो भाग आधी वाचायचा होता. ज्या माणसाचं कोणी वाट बघण्याजोगं तिकडे आहे, त्याच्यापुढे काय आधी वाचावं आणि काय मागाहून, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मला वाटायचं, शास्त्र म्हणजे शास्त्र, कुठूनही उघडा.

आता तरी लखमाबरोबर जाशील, असं धरून मी चालले होते. पुढच्या दिवाळीला विचारलं तर म्हणालीस, "घटका ठाऊक नाय, म्हंजे कवाही. मग मी कशी जाऊ?" झालं! मीच वाचलेलं मलाच परत. त्यानंतर एकही वर्ष तू पाडा सोडला नाहीस. सगळे गेले की तू रोज घर झाडायचीस, चूल पेटती ठेवायचीस. ठकीआजी मला सांगायची, वेडी आहे. मी तिला हो म्हणायचे. आणि रात्री निजताना मला वाटायचं की आमच्या अख्ख्या मंडळीत राज्याची खरी वाट बघणारी एकच आहे, बाकीचे आम्ही नुसते त्यावर बोलतो.

आपलं एक भांडण अर्धं राहिलं. ती उठेल तेव्हा केवढी असेल? मी कुठंतरी ऐकलं होतं की तिथं सगळे पुऱ्या वयाचे असतील, ना लहान ना म्हातारे. तुला बरं वाटेल म्हणून सांगितलं, तुझी मुलगी चांगली मोठी, हातापायानं धड अशी भेटेल.

तू केवढी भडकलीस! "मना नको मोठी. मोठी मी केली नाय तिला."

"अगं, देव करेल."

"त्याला काय ठावं? ती उजव्या कुशीवरच निजायची. डावीवर ठेवली की रडायची. हा कोण सांगेल त्याला?"

मी म्हटलं, तूच सांग, प्रार्थनेत. तू म्हणालीस, "रोज सांगते."

आणि शास्त्रात तर असंही दिसतं की तिथं शंभर वर्षांचा माणूससुद्धा पोरच समजला जाईल. म्हणजे तिथं वय वाढतं तर! वाढतं म्हणजे लहानपण आहे. लहानपण आहे म्हणजे कोणीतरी पाजायला, निजवायला हवं. हा मुद्दा मला तू गेल्यावर सुचला, बुधे. तुझ्या बाजूचा मुद्दा आहे. हयातीत सुचला असता तर मी हार मानली असती आणि तुला केवढं बरं वाटलं असतं.

गेल्या पावसाळ्याआधी माझं मन पालटलं. पाळकसाहेबांचा नियम मला समजत होता, पण तुझा प्रश्नही वर्षानुवर्षं बोचत होता: मग बाकीच्यांची कशाला लिहितेस? मी ठरवलं, लिहायचं. तू बाजाराला आलीस त्या दिवशी वही काढली, पेन उघडलं, म्हटलं, सांग नाव.

आणि नेमकं त्याच सकाळी मी तुला आणखी एक भाग वाचून दाखवला होता. जो टिकून राहील त्याला पांढरा खडा मिळेल, त्या खड्यावर नवं नाव कोरलेलं असेल आणि ते नाव ज्याला मिळालं त्याच्याखेरीज कोणालाही कळणार नाही.

तू तोंड उघडलंस, मग मिटलंस.

"काय झालं? सांग ना."

"नाय सांगत. कोणाला कळू नये म्हणतात ना?"

"अगं, ते प्रभू देईल ते नाव. हे तू ठेवलेलं. वेगळं आहे ते."

"आणि तोच असला तं? मी आधीच फोडला तं त्याच्या खड्यावर काय राहील?"

मी कपाळावर हात मारला. इतकी वर्षं तू मागत होतीस आणि मी देत नव्हते. आता मी देत होते तर तू दडवून बसलीस, आणि तेही माझ्याच वाचण्यानं. दोघी हसलो. हमीदचाचा पण हसले. मी म्हटलं, बरं, विचार कर, दिवाळीला सांग. तू म्हणालीस, "बघते." वही मी फळीवर ठेवून दिली. मला वाटलं, घाई काय आहे.

दिवाळी झाली, पाडा रिकामा झाला आणि मग लखमाच आला. या खेपेला आत आला, बसला. तुला जाऊन दुसरा दिवस होता. त्यालाही वसईला निरोप उशिरा मिळाला. तो पोहोचला तेव्हा घर झाडलेलं होतं, म्हणाला. एवढंच म्हणाला.

मग मी विचारलं. विचारायला नको होतं त्या वेळी, पण मी अशीच आहे. "लखमा, तिनं मुलीला काय नाव ठेवलं होतं?"

"मना नाय सांगितला."

"कधी तोंडातून गेलं नाही?"

तो म्हणाला, "मोहाच्या झाडाकडं एकटी जायची. तिथं हाक मारायची. मी लांबून ऐकलाय. जवळ गेलो की गप. हाक ऐकली मावशी, पण नाव कधी नीट कानावर पडला नाय."

तुला त्यानं तिथंच ठेवलंय, मुलीच्या शेजारी. मी जाऊन आले. मंडळीतले चौघे होते, पाळकसाहेबही आले. मी माती टाकताना रडले, ते सगळ्यांनी बघितलं. पण एक गोष्ट कोणाला सांगितली नाही, ती तुला सांगते. रडता रडता मला मधेच सुटल्यासारखं वाटलं. आता घराला कडी आहे की नाही, हा प्रश्नच उरला नाही. ती उठेल तेव्हा हाताच्या अंतरावर तू आहेस.

परवा रविवारी सगळे गेल्यावर मी वही काढली. तुझं नाव होतं त्याखाली लिहिलं: बुधीची मुलगी, आठ दिवसांची. नावाची जागा मोकळी ठेवली, चांगली मोठी ठेवली. पाळकसाहेब पुढच्या महिन्यात येतील, वही चाळतील, विचारतील, मार्थाबाई, हे काय? मी सगळं सांगेन. खोडायचं असेल तर त्यांनी आपल्या हातानं खोडावं. मला नाही वाटत ते खोडतील. त्यांनीही त्या दिवशी ते झाड बघितलंय.

पूर्वी मला राज्याबद्दल केवढं काय जाणून घ्यायचं असायचं. हजार वर्षं आधी की मागाहून, कोणती शिंगं म्हणजे कोणते राजे, कर्णे सात की एकच. अजूनही वाचते, सवय आहे. पण आता खरी ओढ लागली आहे ती दोनच गोष्टींची. तू तिला केवढी घेऊन येतेस, आणि तिचं नाव काय.

तेव्हा असं कर. उठलात की घाई करू नकोस. आधी तिला नीट बघून घे, पाजायची असेल तर पाज, उजव्या कुशीवर घे. लखमाला सांगायची जबाबदारी माझी. मग ती पळायला लागली की दोघी जव्हारला या. मीही तोवर निजलेली असेन बहुतेक, गावाबाहेर आपल्या लोकांची जागा आहे तिथं, तुला माहीत आहे. खड्यावरचं नाव तिचं तिच्यापाशी राहू दे, ते मी विचारणार नाही. पण तू मारायचीस ती हाक मला एकदा ऐकायची आहे. तिला जरा पुढं पळू दे आणि मग मागून हाक मार, मोठ्यानं, मी जागी होईन अशी. लवकर ये, बुधे.